थोरल्या भाऊजींना मागे कसं टाकायचं

पळायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंना, अंबूबाईंना. त्यांची साखर वाढली होती. माझी साखर, माझा रक्तदाब, सगळं जागच्या जागी होतं. वजन तेवढं जागेवर नव्हतं, पण त्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. जाऊबाईंना एकटीला कसं पाठवायचं, म्हणून सोबतीला मी. साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत पन्नाशी उलटलेली बाई भल्या पहाटे बाहेर पडते ती एक तर दुधाला, नाहीतर कुणी गेलं म्हणून. आम्ही दोघी पहिल्या दिवशी निघालो तर शेजारच्या सुलाबाईंनी खिडकीतून विचारलं, "कोण गेलं वं?"

जाऊबाईंचं चालणं यवतेश्वरच्या घाटाच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीपर्यंत. तिथं त्या बाकड्यावर बसायच्या, बिनसाखरेचा चहा सांगायच्या, त्यात क्रीमरोल बुडवायच्या आणि मला म्हणायच्या, "जा, माझ्या वाटचंबी चालून ये."

म्हणून मी दोघींच्या वाटचं चालायला लागले. आधी पहिल्या वळणापर्यंत, मग त्याच्या पुढच्या. एके दिवशी उतरताना पाय आपोआप पळायला लागले आणि मला ते थांबवावेसे वाटेनात. घरी दिवस उजाडल्यापासून कुणी ना कुणी हाक मारत असतं. हे कुठंय, ते कुठंय, अगं ऐकलंस का. घाटात मला कुणी हाक मारत नव्हतं. मला ते फार आवडलं. इतकं आवडलं की मी घरात कुणाला सांगितलंच नाही. फक्त पुण्याच्या मुलीला, संयोगिताला सांगितलं, तर तिनं पळायचे बूट पाठवले. गुलाबी रंगाचे! मी ते शालूसारखे कपाटात ठेवायची आणि पहाटे पिशवीतून टपरीपर्यंत न्यायची.

घाटात रोज मुजीबभाई भेटायचे. पोवई नाक्याजवळ त्यांचं सायकलचं दुकान. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सायकली दुरुस्त केल्या आणि छातीत कळ आल्यावर स्वतः सायकलवर बसले. आता मेंदी लावलेली दाढी वाऱ्यावर उडवत घाट चढतात. त्यांनीच सांगितलं, "वैनी, दिवाळीच्या आधी घाटदौड हाय. नाव द्या. बायका लय येत्यात." मी मोबाइलवर नाव देऊन टाकलं आणि मग आठ दिवस धास्ती.

धास्ती कशाची, तर थोरल्या भाऊजींची.

थोरले भाऊजी, लालासाहेब, म्हणजे जाऊबाईंचे मालक. सैन्यातून सुभेदार होऊन आले. वर्दी सुटली, हुकूम सुटला नाही. पायात घालायची कुठलीही वस्तू दिसली की तिला पॉलिश करायचं हा त्यांचा धर्म. चामडं आहे की कापड आहे, ते बघत नाहीत. एकदा आमच्या ह्यांच्या रबरी चपलांनाही केलं होतं, हे आठ दिवस घसरत चालत होते.

लग्न होऊन मी या घरात आले त्याला तीस-एक वर्षं झाली, पण थोरल्या भाऊजींशी मी आजवर समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नाही, त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्यांच्या पुढे चालत नाही. त्यांचीही बाजू ते पाळतात. घरात शिरण्याआधी उंबऱ्याशी उभं राहून मोठ्यानं खाकरतात. खाकरले की आम्ही सावरून बसायचं. मला त्यांच्या समोरून जायचं असलं की ते भिंतीकडे तोंड करतात आणि मी जाईपर्यंत कॅलेंडर वाचतात. त्यामुळे एकादशी कधी, अमावस्या कधी, हे घरात फक्त त्यांना पाठ आहे.

बोलणं असायचं ते आमच्या ह्यांच्या मार्फत. हे म्हणजे नानासो, भाऊजींचे धाकटे भाऊ. भाऊजी म्हणायचे, "नाना, तिला म्हणावं, आमटी हाय का हिरीचं पाणी?" हे स्वयंपाकघरात येऊन म्हणायचे, "दादा म्हणत्यात, आमटी जरा पातळ झाली." मी म्हणायची, "त्यांना म्हणावं, रोज नावं ठेवायची तर स्वतः रांधा." हे बाहेर जाऊन म्हणायचे, "ती म्हणती, उद्या घट्ट करते." माणसानं आयुष्यभर दोन्हीकडचं बोलणं गाळून दिलं, म्हणून तर घर टिकलं. मला ते तेव्हा कळत नव्हतं.

शर्यतीचा टी-शर्ट घरी आला आणि भाऊजींच्या हातात पडला. मी दाराआड उभी होते.

"नाना, ही बनियन कुणाची?"

"राजेश्वरीची. घाटात पळायची शर्यत हाय, दादा."

"बाईमाणूस घाटात पळणार?"

मी आतून म्हणाले, "पळणार म्हणावं!"

हे म्हणाले, "ती म्हणती, तुमची परवानगी आसली तर."

भाऊजींनी कॅलेंडरकडे तोंड केलं. मग निकाल दिला. "पळू दे. धाला वर शर्यत संपल्याचा भोंगा हुतो म्हणं. भोंग्याच्या आत पोचली, तर मी पुन्यांदा एक शब्द बोलणार न्हाई. न्हाई पोचली, तर बूट माळ्यावर आन सकाळचं फिरणं बंद. चालायचं आसंल तर आंगणात चालावं. आन एकटी न्हाई जायची. मीबी नाव देतो. घरची बाईमाणूस रस्त्यावर पळणार, पाठीशी कुणीतरी पायजे."

अंगणात! आमचं अंगण म्हणजे तुळस, पाण्याची टाकी आणि ह्यांची स्कूटर. तिथं चालायचं म्हणजे स्वतःभोवतीच फिरायचं. त्या रात्री मला झोप आली नाही. पदकाचं मला काही नव्हतं. पण सकाळचा तो एक तास आख्ख्या दिवसात फक्त माझा होता, आणि तो गेला तर परत कुणी आणून देणार नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा कशासाठी तरी हट्टाला पेटले.

भाऊजींनी सराव केला नाही. "पलटणीच्या संघात पळायचो आमी," एवढं ते ज्याला त्याला सांगायचे. दुधवाल्याला, वाण्याला, निवृत्त फौजींच्या कट्ट्यावर तर सगळ्यांना. "धाच्या आत वर जाऊन चहा पितो बघा." ट्रंकेतून जुने कापडी बूट काढले आणि त्यांना रोज पॉलिश केलं, हाच त्यांचा सराव.

शर्यतीच्या दिवशी मी पंजाबी ड्रेस घातला, वरून टी-शर्ट, ओढणी डोक्यावरून घेऊन वर टोपी, म्हणजे ओढणी उडायला नको. आरशात बघितलं तर मधाचं पोळं काढायला निघाल्यासारखी दिसत होते. जाऊबाई हसून हसून पलंगावर बसल्या. त्या आणि हे जीपनं वर जाऊन थांबणार होते.

शर्यत सुटली आणि थोरले भाऊजी कुणीतरी गोळीबार सुरू केल्यासारखे सुटले. पाठीशी राहणार होते ते डोळ्यांपुढून दिसेनासेच झाले. मी माझ्या चालीनं निघाले. ओळखीचा घाट, ओळखीची वळणं. श्वास बरोबर, पाय बरोबर. टोपीखालून ओढणी काढून गळ्यात घेतली, थंड वारा कानाला लागला, आणि मला वाटलं, बाई, आज तू सहज पोचतेस.

अर्ध्या घाटात एका वळणावर समोर एक पाठ दिसली. ताठ मान, पांढरे केस, कमरेवर दोन्ही हात. थोरले भाऊजी चालत होते.

माझे पाय जागच्या जागी थांबले. अगदी आपोआप थांबले, मला विचारलंसुद्धा नाही. ओढणी डोक्यावर गेली. लग्नात, बारशाला, म्हसवडच्या सिद्धनाथाला, गावाकडे कडेगावच्या उसाच्या बांधावर, मी कधी या माणसाच्या पुढे चालले नव्हते. आता काय, त्यांना पाठ दाखवून टणाटणा उड्या मारत पुढे जायचं? मी आठ-दहा पावलं मागे राहिले आणि हळूहळू चालायला लागले.

भाऊजींनी मान वळवली. धाकटी मागे आहे हे त्यांनी बघितलं आणि लगेच पळायला लागले. ते पळाले म्हणून मी पळाले. पुढच्या वळणावर त्यांचा दम संपला, ते चालायला लागले, मीही चालायला लागले. त्यांनी थांबून कमरेत वाकून श्वास घेतला तर मी डोंगराकडे तोंड करून करवंदीची जाळी बघत उभी राहिले. त्यांनी परत मागे बघितलं, आणि परत पळाले! धाकट्या भावजयीसमोर दम टाकायचा म्हणजे सुभेदाराची काय राहिली? त्यांना माझ्यामुळे थांबता येईना आणि मला त्यांच्यामुळे पळता येईना.

बाकी सगळा मुलूख आमच्या पुढे गेला. नऊवारीतल्या एक आजी गेल्या. पोटाला तान्हं मूल बांधलेला एक बाप गेला, ते मूल माझ्याकडे बघत होतं. पुण्याकडची एक मुलगी मला म्हणाली, "काकू, जमेल तुम्हाला, हार मानू नका!" मी म्हटलं, "जमतंय गं बाई, पण पुढे दीर आहेत." ती "सो स्वीट" म्हणून निघून गेली.

मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं निसटून जायचं ठरवलं, तर भाऊजी नेमके सावलीसाठी पलीकडे आले. गर्दीत मिसळून पुढे जावं म्हटलं, तर आता गर्दीच उरली नव्हती. वरून, पठारावरून, लाउडस्पीकरचा आवाज यायला लागला होता. तो माणूस सारखा सांगत होता, आता थोडाच वेळ राहिला, चला, चला. माझ्या डोळ्यांपुढे माळा दिसायला लागला, जुन्या पत्र्याच्या डब्यांशेजारी माझे गुलाबी बूट.

तेवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली. मुजीबभाई! सायकलीला लाल झेंडा बांधलेला. सगळ्यात शेवटी जो असेल त्याच्या मागे राहायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, हे त्यांचं काम.

"वैनी? तुमी शेवटच्या? पाय मुरगळला का?"

"पाय ठणठणीत हाय."

"मग?"

मी हनुवटीनं पुढे दाखवलं. "आमचे थोरले भाऊजी हायत."

मुजीबभाईंना आणखी काही सांगावं लागलं नाही. "आरं देवा," ते म्हणाले. "आमच्या सुगराबीचं आसंच हाय. माझा थोरला भाऊ दुकानात आला की ही मागच्या दारानं घरी. मग आता वो?"

"त्यांना पाणी प्या म्हणावं. तोंड बघा कसं लाल झालंय."

मुजीबभाई सायकल मारत पुढे गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सुभेदारसाहेब, वैनी म्हणत्यात, पाणी प्या. तोंड बघा कसं लाल झालंय."

जसंच्या तसं! आमचे हे असते तर म्हणाले असते, ती विचारती पाणी देऊ का.

भाऊजींनी बाटली घेतली नाही. मुजीबभाई परत माझ्याकडे आले. "ते म्हणत्यात, माझं तोंड जन्मापासनं लाल हाय. आन म्हणत्यात, धाकटीला झेपंना म्हणून मी हळू चाललोय. मोकळा आसतो तर कवाच वर जाऊन चहा पिला आसता."

माझ्यासाठी हळू! माझ्या मस्तकात तिडीक गेली. इतकी वर्षं दाराआड उभं राहून गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "त्यांना म्हणावं, मला लय झेपतंय. तेच पुढं हायत म्हणून मी अडकलीय. त्यांचा मान राखायपायी माझं सगळं चाललंय. न्हाईतर आजचा पहिला चहा मीच पिला आसता!"

म्हणून टाकलं आणि मग आठवलं, हे आमचे हे नव्हेत. "ओ मुजीबभाई! आसं न्हाई! जरा गाळून सांगा, गाळून!" पण सायकल गेली होती.

मागून मला दिसत होतं. मुजीबभाईंची दाढी हलत होती, एक शब्द न गाळता हलत होती. भाऊजी ऐकता ऐकता थांबले. त्यांनी मागे बघितलं नाही, नुसते उभे राहिले. संपलं सगळं, मला वाटलं. घाट गेला, बूट गेले, आणि इतक्या वर्षांची अदबही गेली.

मग थोरले भाऊजी खाकरले.

तेच खाकरणं, उंबऱ्यावरचं. ते रस्त्याच्या कडेला गेले, दगडी कठड्याशी उभे राहिले, हात मागे बांधले आणि रस्त्याकडे पाठ केली. तिथं कॅलेंडर नव्हतं, म्हणून ते खाली साताऱ्याकडे बघायला लागले.

मला कळलं, पण पायांना कळायला वेळ लागला. मुजीबभाई ओरडले, "वैनी, जावा की आता!"

मी ओढणी दाताखाली धरली आणि पळाले. त्यांच्या मागून जाताना मला दिसलं, त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. सगळ्या कट्ट्याला सांगून आलेला माणूस होता तो. तिथं थांबले म्हणजे त्यांना भोंगा गाठता येणार नव्हता, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी मी पुढे जाईपर्यंत ते वळले नाहीत. मला रडू आलं. चढाला पळताना रडू नये, श्वास कोंडतो. मी शेंबूड ओढत, हुंदके देत, टोपी सांभाळत पळत सुटले. लोकांना वाटलं, बाईला काहीतरी होतंय, रुग्णवाहिकेतली मुलगी माझ्याबरोबर थोडी धावलीसुद्धा.

कमानीखालून गेले आणि मागे भोंगा वाजला. कुणीतरी गळ्यात पदक घातलं. जाऊबाईंनी मला मिठी मारली, त्यांच्या हाताला वडापावचा वास येत होता. हे विचारत होते, "दादा कुठं हायत?"

दादा बऱ्याच वेळानं आले. कमानीचं कापड सोडायला सुरुवात झाली होती. मुजीबभाई सायकलवरून उतरून, सायकल हातात धरून त्यांच्या बरोबरीनं चालत होते. भाऊजी ताठ मानेनं रेघ ओलांडून आले. पदकं उचलून खोक्यात भरली होती, त्यांनी तिकडे बघितलंही नाही. मी डोक्यावरची ओढणी नीट करून जाऊबाईंच्या मागे उभी राहिले.

"नाना," ते म्हणाले, आणि पुढे बोलायला त्यांना दम पुरेना. आम्ही थांबलो. "तिला म्हणावं... टायमात आली."

हे माझ्याकडे वळले. "दादा म्हणत्यात, लय भारी पळालीस. घराण्याचं नाव काढलंस."

आयुष्यभर बोलणं गाळणाऱ्या माणसानं त्यात पहिल्यांदाच पदरचं घातलं होतं. "मला ऐकू आलंय," मी म्हणाले.

भाऊजी त्या रात्री जेवून लवकर झोपले. पलंगावरून उठताना ते "आई गं" म्हणत होते, असं जाऊबाईंनी मला हळूच सांगितलं. शब्द दिला होता, तो ते मोडणार नाहीत हे मला माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे कपाट उघडलं, तर बूट नव्हते. मी माळ्याकडे बघितलं. स्टूल ओढलं, वर चढून डबे सरकवले. बूट तिथंही नव्हते.

ते बाहेर पायरीवर होते. शेजारी शेजारी, टाचेला टाच लावून, परेडला ठेवल्यासारखे. नाड्या धुऊन वाळवून परत ओवलेल्या. आणि बुटांना चकचकीत काळं पॉलिश केलेलं. गुलाबी रंगाचा ठिपकासुद्धा कुठं राहिला नव्हता. जाळीची भोकं पॉलिशनं बुजली होती, आणि वास तर असा की शेजारची मांजर शिंकत होती. मी ते हातात घेऊन किती तरी वेळ बघत राहिले. इतके सुंदर बूट मी कधी बघितले नव्हते.

कुंपणाच्या दाराशी कुणीतरी खाकरलं.

भाऊजी उभे होते, कापडी बूट घालून, माझ्याकडे पाठ करून, विजेच्या खांबाकडे तोंड करून. मी बूट घातले आणि त्यांच्या पाठीमागून बाहेर पडले. टपरीवर जाऊबाईंनी क्रीमरोल मागवला आणि म्हणाल्या, "जावा. आता माझ्या वाटचं दोघं चाला."

घाटाला लागलो. मी पुढे, ते मागे. पहिलं वळण गेलं. मागून दमदार पावलं ऐकू येत होती. दुसऱ्या वळणाला ती तितकीशी दमदार राहिली नाहीत. निरोप न्यायला हे नव्हते, मुजीबभाई अजून आले नव्हते. रस्त्यावर आम्ही दोघं होतो आणि कडेला चरणारी एक म्हैस होती.

मागून आवाज आला. म्हशीला उद्देशून असावा, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

"तिला म्हणावं, जरा हळू."

मी ओढणी सावरली, चाल कमी केली आणि म्हशीलाच सांगितलं, "बरं म्हणावं."